‘स्वावलंबन’ या शब्दातील ‘स्व’

पीक पावसावर अवलंबून असते, निकाल परीक्षकावर अवलंबून असतो, म्हातारपणी आईबाप मुलांवर अवलंबून असतात. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी दिवसातून अनेकदा येणारा हा प्रयोग कोणालाही विशेष खटकत नाही. ‘स्वावलंबन’ हा शब्द उच्चारला की मात्र त्याचा श्रोता अवलंबून असण्याचा अभाव असा अर्थ मनात धरतो. शाळेच्या फळ्यावरील सुविचारापासून सरकारी योजनेच्या प्रास्ताविकापर्यंत हा शब्द याच अर्थाने वापरला जातो: कोणाचा आधार न घेणे, कोणापुढे हात न पसरणे. शब्दाची घडण पाहता त्यात असा अभाव कोठेही सांगितलेला नाही. ‘अवलंबन’ हा घटक त्यात पूर्णपणे शाबूत आहे, केवळ त्याचे स्थान बदललेले आहे. अवलंबून राहणे सुटत नाही, ते कोणावर एवढाच प्रश्न शब्द सोडवतो, आणि त्याचे उत्तर ‘स्व’ या एका अक्षरात देतो. त्या अक्षराचा अर्थ गृहीत धरला गेल्यामुळे गेल्या शंभर वर्षांत या शब्दाभोवती बराच वैचारिक घोटाळा झालेला आहे. त्याची उकल करावयाची तर आधी शब्दाच्या दोन्ही घटकांकडे जावे लागते.

‘अवलंबन’ हे रूप ‘लम्ब्’ या धातूला ‘अव’ हा उपसर्ग लागून झाले आहे. ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे. ‘अव’ने खाली येण्याची दिशा सुचविली जाते. खाली लोंबणारी वस्तू कशाला तरी धरून असते, म्हणून लोंबण्यातून धरण्याचा आणि धरण्यातून आधाराचा अर्थ निघाला. संस्कृतात ‘अवलंब’ शब्द लोंबणाऱ्यालाही लागतो आणि ज्याला धरून लोंबावयाचे त्या आधारालाही लागतो. वडाची पारंबी आधी फांदीवर लोंबते आणि जमिनीत रुजल्यावर त्याच फांदीला पेलते, तसे या धातूचे वर्तन आहे. पडणाऱ्याला दिलेला हात तो ‘हस्तावलंब’. भक्ताने देवाकडे असा हात मागावा यासाठी रचलेली करावलंब स्तोत्रे प्रसिद्ध आहेत. साहित्यशास्त्रातील ‘आलंबन विभाव’ याच कुळातला. दुष्यंताच्या रतीला शकुंतला हे आलंबन मिळाल्यावाचून रसनिष्पत्तीची चर्चा सुरूच होत नाही. चित्तवृत्तीला टेकण्यासाठी काही तरी लागते, हे रसशास्त्राने निरपवादपणे मान्य केले आहे. आधाराचा संपूर्ण त्याग सांगणारा शब्दही परंपरेत आहे, पण तो ‘निरालंब’ होय. त्याचे क्षेत्र योगी आणि संन्यासी यांचे आहे. गृहस्थाकडून तशी अपेक्षा कोणी केली नाही.

मराठीने या कुळातून तीन वेगळे धागे घेतले. ‘अवलंबून असणे’ यात अधीनता आहे. ‘मार्ग अवलंबणे’ किंवा ‘धोरणाचा अवलंब करणे’ यात निवड आहे, आणि निवड ही अधीनतेच्या उलट टोकाची गोष्ट आहे. तिसरा धागा ‘परावलंबी–स्वावलंबी’ या जोडीचा, आणि यात नीतीचा निवाडा आहे. पैकी ‘स्वावलंबी’ हे विशेषण व्याकरणदृष्ट्या लक्षात घेण्याजोगे आहे. त्यातील ‘ई’कारान्त घडण संस्कृतातील ताच्छील्यवाचक प्रत्ययाची आहे. असा प्रत्यय एकवार केलेली कृती सांगत नाही, कर्त्याचे शील सांगतो. जो प्रसंगी स्वतःला धरून राहिला तो स्वावलंबी नव्हे, ज्याचे वळणच तसे आहे तो स्वावलंबी. शिक्षणविषयक लिखाणात नामापेक्षा या विशेषणाचा आढळ अधिक का, याचे एक कारण या प्रत्ययात असावे.

सामासिक शब्द म्हणून ‘स्वावलंबन’ आज वापरतात त्या अर्थाने फार जुना म्हणता येणार नाही. त्यातील कल्पना मात्र कालिदासाने एका वाक्यात मांडली आहे. मेघदूताच्या उत्तरार्धात यक्ष पत्नीला निरोप पाठविताना सांगतो की मनात नाना बेत रचीत आपण स्वतःला स्वतःच्याच बळावर सावरून धरले आहे, तेव्हा तिनेही धीर सोडू नये. तेथे क्रियापद ‘अवलम्ब्’ हेच आहे. कर्म आत्मा आणि करणही आत्मा. आधार देणारा आणि आधार घेणारा एकच, अशी ही मोठी विलक्षण वाक्यरचना आहे. आधुनिक वाचकाला त्यात स्वावलंबनाचा उद्गार ऐकू यावा हे स्वाभाविक आहे, पण संदर्भ विसरता येत नाही. यक्ष हे म्हणतो ते विरहात, शापाचे चार महिने उरलेले असताना, आणि पुनर्मीलनाच्या आशेवर. त्याने स्वतःला सावरले आहे ते दुसऱ्यापर्यंत पोहोचता यावे म्हणून. शिवाय हे सांगण्यासाठीही त्याला मेघाचा आधार घ्यावा लागला आहे. कालिदासाच्या ठायी आत्मावलंबन हे संकटकाळचे टेकण आहे. त्याला जीवनाचा आदर्श करण्याचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता.

आसपासचे जुने शब्द तपासले तरी हेच दिसते. पाणिनीने कर्त्याचे लक्षण ‘स्वतंत्र’ या शब्दाने केले. पतंजलीने त्यावर मिस्कील शंका काढली आहे. ज्याचे स्वतःचे तंत्र तो स्वतंत्र असे म्हटले, आणि ‘तंत्र’ म्हणजे मागावर ताणलेले सूत, तर कर्ता ही संज्ञा एकट्या विणकरालाच लागू व्हावयाची! उत्तरात तो सांगतो की ‘तंत्र’ शब्दाला विस्ताराप्रमाणेच प्राधान्याचाही अर्थ आहे आणि येथे तो घ्यावयाचा. याचा अर्थ असा की व्याकरणातला स्वतंत्र कर्ता हा साधनांवाचून काम करणारा नाही. करण, कर्म, अधिकरण हे सारे त्याच्याबरोबर असतात, त्यांच्यात तो प्रधान असतो इतकेच. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धाने आनंदाला केलेल्या उपदेशातही भिक्षूंनी स्वतःलाच शरण व्हावे असे सांगताना लगेच धम्माचे शरण जोडले आहे. संतवाङ्मयाची स्थिती तर सर्वश्रुत आहे. रामदासांनी यत्नाला दैवताच्या पायरीवर नेले हे खरे. पण विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेत परावलंबन हा शब्द निंदावाचक होणे शक्यच नव्हते. तान्ह्या मुलाची अधीनता ही तेथे दोषाऐवजी अधिकाराची भाषा आहे.

निंदावाचक परावलंबन आणि स्तुतिवाचक स्वावलंबन ही आजची जोडी एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी विद्येच्या संस्काराने पक्की झाली. त्यातही एक गफलत घडली. इमर्सनचा १८४१ चा निबंध स्वतःच्या विचारावरील विश्वासाविषयी आहे. लोकमताला न भिणे हा त्याचा गाभा, पैशाचा प्रश्न त्यात दुय्यम. सॅम्युएल स्माइल्सचे १८५९ चे पुस्तक उद्योग, काटकसर आणि चिकाटी यांनी वर चढलेल्या माणसांची चरित्रे सांगते. अर्थशास्त्रातील स्वयंपूर्णता ही तिसरीच गोष्ट, ती देशाच्या किंवा खेड्याच्या गरजा तेथल्या तेथे भागण्याविषयी आहे. इंग्रजीत या तीन कल्पनांना तीन शब्द आहेत. मराठीत तिन्हींवर ‘स्वावलंबन’ हे एकच पांघरूण पडले. मनाचे धैर्य, चरितार्थाची सोय आणि मालाची आयात न करणे यांची बेरीज करता येत नाही, तरीही व्याख्यानांतून ती सर्रास केली जाते.

आता ‘स्व’. पाणिनीने सर्वनामांच्या प्रकरणात या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. ज्ञाती आणि धन हे अर्थ वगळून इतरत्र ‘स्व’ला विकल्पाने सर्वनामसंज्ञा मिळते, असा त्याचा आशय. अमरकोशाने याच आधारे चार अर्थ नोंदविले आहेत: आत्मा, आत्मीय, ज्ञाती आणि धन. वैयाकरणांच्या दृष्टीने हा रूपसिद्धीचा प्रश्न होता. पण ‘स्वावलंबन’ या शब्दाच्या आधुनिक इतिहासाची किल्ली या चार अर्थांत आहे. ज्या ज्या चळवळीने किंवा शासनाने हा शब्द हाती घेतला तिने या चारांपैकी एखादा ‘स्व’ मनात धरला आणि बाकीचे तीन न सांगता उसने घेतले.

मनुस्मृतीचे उदाहरण या दृष्टीने पुरेसे बोलके आहे. तिच्या चौथ्या अध्यायात दुसऱ्याच्या अधीन असण्यात दुःख आणि स्वतःच्या अधीन असण्यात सुख, असे लक्षण केले आहे; स्वावलंबनावरील मराठी निबंधांत ते आवडीने उद्धृत होते. आठव्या अध्यायात मात्र तीच स्मृती भार्या, पुत्र आणि दास या तिघांना धनहीन ठरविते आणि त्यांनी मिळविलेले ते ज्यांचे असतात त्यांच्या मालकीचे करते. म्हणजे सुखाची व्याख्या आत्म्याच्या ‘स्व’ने केली आणि त्या सुखाची वाट धनाच्या ‘स्व’ने अडविली. पहिला श्लोक सांगणाऱ्याने दुसरा न सांगणे हा केवळ विस्मरणाचा भाग नव्हे.

महाराष्ट्रात ‘स्वावलंबी’ या विशेषणाला सर्वांत मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली ती कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने स्वावलंबी शिक्षण हे आपले ब्रीद म्हणून स्वीकारले. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उभे राहिले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. या वसतिगृहाचे वैशिष्ट्य समजण्यासाठी त्याआधीच्या कोल्हापूरकडे पाहावे लागते. १९०१ पासून शाहू महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. शिक्षणापासून दूर राहिलेल्या समाजांनी आपापल्या मुलांचा भार आपापसांत वाटून घ्यावा, ही ती योजना. काळ लक्षात घेता ती दूरदृष्टीची होती आणि तिने कोल्हापुरात जे केले ते दुसऱ्या कोणत्याही उपायाने तितक्या लवकर झाले नसते. परंतु तिच्यातील स्वावलंबन हे ‘ज्ञाती’ या अर्थाच्या ‘स्व’वरचे होते. मुलगा आपल्या जातीवर अवलंबून, आणि जात स्वतःच्या पायावर.

अशा अवलंबनाची किंमत कोणती असते याचा अनुभव भाऊरावांना विद्यार्थिदशेतच आला होता. ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत असत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी स्नान करण्यास नकार दिला आणि त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्ञातीचा आधार हा ज्ञातीच्या अटींवरच मिळतो. साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र रांधावे आणि एकत्र जेवावे, हा आग्रह म्हणजे ‘स्व’चा अर्थ बदलण्याचाच प्रयत्न होता. ज्ञाती काढून टाकल्यावर मुलाजवळ उरणारा एकच ‘स्व’ त्याच्या देहाचा, श्रमाचा. ‘कमवा आणि शिका’ या योजनेचे मूळ येथे आहे. मुलांनी शेतात राबावे, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करावा आणि त्या कामाच्या बदल्यात शिकावे. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव विद्यालय आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले ते याच तत्त्वाचा विस्तार म्हणून.

कर्मवीरांचे गौरवग्रंथ येथे थांबतात. समीक्षकाला थांबता येत नाही, कारण हे वसतिगृह मुलांच्या श्रमावर एकट्यावर कधीच चालले नाही. अन्नधान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडून मुलांना जेवू घातले, ही हकीकत सुपरिचित आहे. ती त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते आणि तशी ती आहेच. परंतु शब्दाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. दागिने हे स्त्रीधन. मनूने जिला धनहीनांत मोजले त्या भार्येजवळ स्मृतिकारांनी अपवाद म्हणून जे थोडे धन ठेवले होते तेच येथे खर्ची पडले. मुलांच्या ‘स्व’श्रमाखाली एका स्त्रीचे ‘स्व’धन होते. त्याखेरीज मुष्टिफंड होता. घरोघरच्या बायकांनी दळणाकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावयाचे आणि ते संस्थेस द्यावयाचे, अशी ती पद्धत. याने संस्थेच्या ब्रीदाला बाध येतो काय? शब्दाचा रूढ अर्थ घेतला तर येतो. त्याचा धात्वर्थ घेतला तर येत नाही. संस्थेने वटवृक्ष हे बोधचिन्ह निवडले आहे. पारंबीबद्दल वर आलेले विधान या बोधचिन्हाच्या बाबतीत अलंकारापुरते राहत नाही. जे मुलगे येथे लोंबून वाढले त्यांपैकी अनेक पुढे याच संस्थेचे शिक्षक आणि आधार झाले.

‘स्वावलंबी शिक्षण’ हाच शब्दप्रयोग १९३७ नंतर वर्ध्याकडूनही ऐकू येऊ लागला, आणि येथे घोटाळ्याला खरी सुरुवात झाली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम यांचा पुरस्कार केला. या पद्धतीतून शिक्षकांच्या वेतनाचा खर्च हळूहळू भरून निघेल, अशी अपेक्षाही ठरावात नोंदविली. गांधीजींना हीच योजनेची खरी कसोटी वाटत होती. सातारा आणि वर्धा यांतील ‘स्व’ मात्र एक नाही. साताऱ्यास विद्यार्थी आपल्या शिक्षणासाठी कमावतो. वर्ध्याच्या कल्पनेत शाळा आपल्या शिक्षकासाठी कमावते, आणि ती कमावण्याचे साधन विद्यार्थी असतो. पहिल्यात मुलाच्या श्रमाचे फळ मुलाकडे परत येते. दुसऱ्यात ते संस्थेच्या जमाखर्चात जाते, आणि मुलाला मिळावयाचे ते उद्योगातून होणाऱ्या शिक्षणाच्या रूपाने मिळावे अशी श्रद्धा असते. परिषदेत प्रा. के. टी. शाह यांनी शाळांतला माल बाजारात कारागिरांशी स्पर्धा करील ही शंका काढली होती. डॉ. झाकिर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शैक्षणिक व सांस्कृतिक हेतू बळी पडण्याचा धोका स्पष्टपणे मांडला. मूलोद्योगाच्या शाळांतून पुढे टकळ्यांची रास पडली आणि ज्ञानाशी सांधा जुळला नाही, ही तक्रार ज्यांनी केली त्यांनी दोष बहुधा शिक्षकांना दिला. दोषाचा काही वाटा शब्दाकडेही जातो. ‘स्वावलंबी शिक्षण’ या समासात स्वावलंबी कोण, शिक्षण की शिकणारा, हे विशेषणाच्या जागेवरून कळत नाही.

हा संदेह केवळ भारतीय भाषांचा नव्हे. तीस वर्षांनंतर, १९६७ मध्ये, टांझानियात ज्यूलियस न्येरेरे यांनी आरुशा जाहीरनाम्यात ‘कुजितेगेमेआ’ हा स्वाहिली शब्द राष्ट्राचे ध्येय म्हणून ठेवला. त्यातील ‘तेगेमेआ’ म्हणजे अवलंबून असणे आणि ‘जि’ हा आत्मवाचक घटक. ‘स्वावलंबन’ या शब्दाशी घटकागणिक जुळणारा हा शब्द आहे. त्याच वर्षी न्येरेरे यांनी या नावाने शिक्षणाचे धोरण मांडले आणि प्रत्येक शाळेने शेत किंवा कारखाना चालवून स्वतःच्या निर्वाहास हातभार लावावा असे सुचविले. तेथेही शाळेचे शेत हे मुलांचे शिक्षण की शाळेचे उत्पन्न, हा वाद टळला नाही. दोन खंडांतील दोन भाषांनी एकाच घडणीचा शब्द निवडावा आणि एकाच ठिकाणी अडखळावे, हा योगायोग मानणे कठीण आहे.

धनाच्या ‘स्व’ची कथा सहकाराची. १९०४ च्या कायद्याने पतपेढ्यांना जी तत्त्वे घालून दिली त्यांत स्वाश्रय आणि परस्परसाहाय्य ही जोडी होती. शेतकऱ्याने आपल्या ठेवीवर उभे राहावे, सरकारने दुरून पाहावे. पन्नास वर्षांनी अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने या जोडीचा हिशोब मांडला. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९५४ च्या अहवालानुसार १९५१–५२ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के होता, आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के. ज्याच्याजवळ धन नाही त्याला धनाच्या ‘स्व’वर उभे राहावयास सांगण्याचे फळ हे असे निघाले. समितीने शासनाने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे अशी शिफारस केली. शासकीय भांडवल आले की स्वावलंबन संपले, असा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो. या समितीचे एक सदस्य प्रा. धनंजयराव गाडगीळ होते. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले होते; म्हणजे शेतकऱ्याचे छोटे छोटे भाग गोळा करून बाहेरच्या कर्जाच्या साहाय्याने यंत्रसामग्री उभी करण्याचे काम त्यांनी जवळून पाहिले होते. स्वावलंबनाला बाहेरचा आधार लागतो, हे त्यांच्या बाबतीत तत्त्वज्ञानाचे विधान नव्हते. हाच अर्थशास्त्रज्ञ १९६७ मध्ये नियोजन मंडळाचा उपाध्यक्ष झाला आणि १९६९–७४ च्या चौथ्या योजनेत स्वावलंबन हे उद्दिष्ट ठळकपणे आले. त्याआधीच्या १९६५–६६ आणि १९६६–६७ या दोन दुष्काळी वर्षांत अमेरिकन गव्हासाठी जहाजांची वाट पाहावी लागली होती. योजनेत म्हणून स्वावलंबनाचा अर्थ नेमका केलेला आढळतो: पी. एल. ४८० खालील सवलतीची धान्यआयात १९७१ पर्यंत बंद करावयाची आणि निव्वळ परकीय मदत योजनेच्या अखेरीस सुमारे निम्म्यावर आणावयाची. येथे ‘स्व’ म्हणजे राष्ट्र, आणि राष्ट्राचा ‘स्व’ म्हणजे त्याचे परकीय चलन. या शब्दाचा इतका मोजता येण्याजोगा वापर क्वचितच झाला असेल. पण राष्ट्र स्वावलंबी झाले म्हणजे त्यातील शेतमजूर झाला असे होत नाही, हे सांगण्यास योजनेच्या मसुद्यात जागा नव्हती.

१२ मे २०२० रोजी ‘आत्मनिर्भर भारत’ या घोषणेने मराठीत एक नवा प्रतिस्पर्धी शब्द आला. हिंदीत आणि बंगालीत ‘निर्भर’ म्हणजे अवलंबून, त्यामुळे तेथे ‘आत्मनिर्भर’ हा ‘स्वावलंबी’चा सख्खा भाऊ आहे. मराठीची गोष्ट वेगळी आहे. संस्कृतात ‘निर्भर’ म्हणजे भरलेला, ओतप्रोत, आणि मराठीने तोच अर्थ जपला. भावनिर्भर कविता, आनंदनिर्भर मन, असे प्रयोग मराठी समीक्षेत जागोजाग सापडतील. ‘पीक पावसावर निर्भर आहे’ हे वाक्य मराठी कानाला अजून परके वाटते. परिणामी मराठी वाचकाला ‘आत्मनिर्भर’ या शब्दातून अवलंबनाची कबुली ऐकू येत नाही. व्युत्पत्तीने त्याला काही अर्थ सुचलाच तर तो ‘स्वतःनेच भरलेला’ असा सुचेल, आणि तो स्तुतीपेक्षा उपहासाच्या जवळ जातो. उसना शब्द घेणे हा भाषेचा दोष नाही. पण घरचा शब्द आपल्या पोटात जी कबुली वाहून नेत होता ती उसन्या शब्दाबरोबर येत नाही, एवढा हा तोटा आहे.

शब्दकोशांनी ‘स्वावलंबन’ची नोंद करताना ‘स्वतःच्या पायावर उभे राहणे’ हा वाक्प्रचार पर्याय म्हणून देण्याची रीत आहे. तोही तपासून पाहावा असा आहे. उभे राहण्याच्या प्रतिमेवर जर्मन भाषेनेही आपला शब्द रचला आहे. पण तेथे ‘स्व’ आणि ‘उभे राहणे’ एवढेच घटक आहेत. मराठी वाक्प्रचारात पाय हा तिसरा घटक आहे, आणि पायाखाली जमीन लागते. ती कोणाची, हे कोशाने सांगावयाचे नसते. निदान ‘स्व’चे चार अर्थ वेगळे करून प्रत्येकाखाली स्वतंत्र उदाहरण देणे मात्र त्याच्या कक्षेत येते. साताऱ्याचा विद्यार्थी, कोल्हापूरचे ज्ञातिवसतिगृह, वर्ध्याची शाळा आणि चौथी योजना ही चार वाक्ये एकाच अर्थाखाली घालणारी नोंद अपुरी म्हणावी लागेल.

बोलीने या बाबतीत कोशाच्या पुढे एक पाऊल टाकलेले दिसते. १९९२ पासून नाबार्डने बँकांशी जोडलेल्या गटांना शासकीय भाषेत ‘स्वयंसहायता गट’ असे नाव आहे. गावोगावच्या बायकांनी ते नाव कागदावर राहू दिले आणि बोलण्यात ‘बचत गट’ म्हटले. त्यांनी ‘स्वयं’ गाळला. ठेवले ते धनाचे नाव आणि समूहाचे नाव. ज्यांच्याजवळ तारण ठेवण्यास जमीन नाही, घरही नावावर नाही, त्यांना बँकेचे कर्ज मिळते ते गटातील बाकीच्या बायका त्यांच्यासाठी उभ्या राहतात म्हणून, आणि हप्ता चुकू लागला की आधी विचारावयास येतात त्या याच बाकीच्या बायका.